पाल चुकचुकली, मी डबा बदलला

अमेरिकेत एक बाई आहे, तिला भीती वाटत नाही. धीट वगैरे काही नाही ती. बाहेरच्या धोक्याची भीती वाटण्याची यंत्रणाच तिच्याकडे शिल्लक नाही. शास्त्रीय लेखांमध्ये तिचं नाव कधी छापलं जात नाही, ‘एस. एम.’ एवढी आद्याक्षरं तेवढी येतात. उर्बाख-व्हिटे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग दोन्ही बाजूंनी निकामी केला. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला भीतिपट दाखवले, भुताटकीसाठी प्रसिद्ध असलेल्या इमारतीत फिरवलं, प्राण्यांच्या दुकानात नेऊन साप हातात दिला. बाईंना मजा आली. दुकानातल्या मोठ्या, चावऱ्या सापांनाही हात लावू द्या म्हणून त्या मागे लागल्या.

इथवर गंमत वाटते. पण याच बाईच्या आयुष्यातला एक प्रसंग त्या संशोधकांनी नोंदवून ठेवला आहे. रात्रीची वेळ, ती एकटी घरी चालली होती, रस्त्यात एक लहानशी बाग. बाकावर बसलेल्या एका माणसाने तिला हाक मारून जवळ बोलावलं. तो नशेत असावा हे तिला दिसत होतं. तरी ती गेली. त्याने तिला खाली ओढलं आणि गळ्याला सुरा लावला. ती शांत राहिली. मला मारायचं तर आधी माझ्या देवाच्या दूतांशी गाठ आहे, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली आणि तो बावचळून तिला सोडून मोकळा झाला. ती पळाली नाही, चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बागेवरून गेली.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे सुऱ्यापाशी थबकतात, त्या बाईच्या धैर्याचं कौतुक करतात. मी मात्र त्या हाकेपाशी अडकते. रात्र आहे, जागा निर्जन आहे, माणूस नशेत आहे, तो बोलावतोय. सगळी माहिती तिच्याकडे होती. तुमच्या-माझ्याकडे असते तेवढीच. नव्हती ती फक्त पोटात खड्डा पडण्याची सोय. त्या माहितीची बेरीज करून ‘जाऊ नकोस’ असं सांगणारं आत कुणी नव्हतं.

२००९ साली याच बाईवर आणखी एक साधा प्रयोग झाला. समोरच्या अनोळखी माणसाकडे चालत जायचं आणि आपल्याला बरं वाटेल तिथं थांबायचं. बाकीची माणसं सरासरी पाऊण मीटरवर थांबली. ही थांबली ०.३४ मीटरवर, म्हणजे जेमतेम फूटभर अंतरावर. अनोळखी माणूस फूटभर अंतरावर उभा राहिला की आपलं अंग आपोआप मागे सरकतं, मग तो कितीही गोड बोलत असो. ते सरकणं आपण ठरवून करत नाही. आणि शिष्टाचार म्हणून आपण ते रोखतो, ते मात्र ठरवून करतो.

आतल्या आवाजाबद्दल बोलायला लागलं की लोक दोनपैकी एका टोकाला जातात. एक तर ‘मला आधीच कळतं, मला सिक्स्थ सेन्स आहे’ असं म्हणणारे, किंवा ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणून हात झटकणारे. दोघांनाही मी कंटाळले आहे. सूचना कळण्यात दैवी काही नाही, आणि तो नुसता भ्रमही नाही. त्याच आयोवा विद्यापीठातला पत्त्यांचा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. पत्त्यांचे चार गठ्ठे, त्यातले दोन आधी भरघोस देणारे पण शेवटी बुडवणारे. खेळणाऱ्यांच्या तळहाताला येणारा घाम मोजला. साधारण दहावं पान उचलेपर्यंत, वाईट गठ्ठ्याकडे हात जायच्या आधी तळहात घामेजू लागले होते. ‘यात काहीतरी गडबड आहे’ असं लोक बोलून दाखवायला लागले ते पन्नासाव्या पानाच्या आसपास, आणि नेमकी गडबड काय हे बहुतेकांना सांगता आलं ते आणखी तीसएक पानांनंतर. म्हणजे अंगाला आधी कळलं, तोंडाला नंतर.

माझ्या बाबतीत हे एका रात्रीच्या रेल्वे प्रवासात झालं. डबा जवळजवळ रिकामा. समोर चाळिशीचा, नीटनेटका, चांगलं शुद्ध बोलणारा माणूस येऊन बसला. सगळीकडे जागा असताना समोरच बसला, पण बसतात लोक. मी सामान वर ठेवायला उठले तर त्याने बॅगेचा बंद धरला. ‘द्या ताई, मी ठेवतो.’ ‘नको, मी ठेवते.’ ‘अहो असू द्या हो, त्यात काय.’ मी पुन्हा नको म्हणाले. त्याचा हात बंदावर तसाच. मग तो हसला, बॅग ठेवली आणि म्हणाला, ‘आजकाल मदत करायचीही चोरी झालीय बघा. बायकांना वाटतं सगळे पुरुष एकजात वाईट.’

हे वाक्य ऐकून मी ओशाळले. चक्क ओशाळून हसले आणि ‘नाही हो, तसं काही नाही’ असं म्हणाले. त्या वाक्याचं कामच ते होतं, हे आता स्वच्छ दिसतं. मी तशी नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी एका वाक्यात माझ्या अंगावर येऊन पडली होती.

मग इकडच्या तिकडच्या गप्पा. तो बोलत होता, मी हं हं करत होते, आणि पोटात काहीतरी टोचत होतं. कारण शोधायला गेले तर सापडेना. माणूस सभ्य, भाषा सभ्य, नजरही वावगी नाही. मग तो सहज म्हणाला, ‘तुम्ही उतराल तेव्हा तिथं गाडीबिडी काही मिळणार नाही, माझे मित्र न्यायला येणार आहेत, तुम्हालाही सोडू.’ मी कुठं उतरणार हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. फोनवर बोलताना ऐकलं असेल, तिकीट तपासताना कानावर पडलं असेल. असेलही. पण मी उठले. बॅग खाली ओढली, ‘पुढच्या डब्यात ओळखीचे आहेत’ असं पुटपुटले आणि चालायला लागले. दोन डबे ओलांडून एका मोठ्या कुटुंबाच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा हात थरथरत होते. आणि तिथं बसल्यावर मगाचपासून काय टोचत होतं ते लक्षात आलं: रात्रभराच्या गाडीत त्या माणसाकडे काहीच सामान नव्हतं. पिशवी नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. डोळ्यांनी हे पहिल्या मिनिटाला पाहिलं होतं. माझ्यापर्यंत ते पोचलं दोन डबे ओलांडल्यावर.

तो कोण होता? मला माहीत नाही. कदाचित खरोखर मदतीला धावणारा, जरा लाघट माणूस असेल. सामान मित्रांकडे असेल. आतल्या आवाजाची हीच तर पंचाईत आहे: तो बरोबर निघाला की काहीच घडत नाही. टळलेल्या संकटाची पावती मिळत नाही. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचा अंतःप्रेरणेवरून जन्माचा मतभेद होता. २००९ साली दोघांनी मिळून लेख लिहिला आणि एका गोष्टीवर एकमत केलं. जिथं परिस्थितीला काही एक नियमितपणा असतो आणि आपला अंदाज चुकला की बरोबर आला हे लवकर कळतं, तिथल्या जाणकाराच्या अंतःप्रेरणेवर विसंबावं. आगीशी झुंजणारे बंबवाले, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या परिचारिका यांची अंतःप्रेरणा अशी पिकते. परक्या माणसाबाबत आपल्याला तशी शाळा मिळत नाही. उत्तरपत्रिका तपासून परत येतच नाही. त्यामुळे ‘माझा अंदाज कधी चुकत नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी विषय बदलते.

मग त्या आवाजावर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर? मला वाटतं, तो नक्की कशाबद्दल बोलतोय हे आधी पाहावं. माणसाच्या अंतरंगाबद्दल त्याला फारसं काही कळत नाही. समोर काय चाललंय, त्यातलं काय जुळत नाहीये, हे मात्र त्याला आपल्याआधी कळतं.

टेड बंडी या अमेरिकी खुन्याची प्रकरणं वाचताना हे फार ठळकपणे दिसतं. १४ जुलै १९७४, रविवार. वॉशिंग्टन राज्यातल्या सॅमामिश तलावाचा काठ, उन्हात पहुडलेली तुडुंब गर्दी. एक देखणा तरुण हात गळ्यात बांधून फिरतोय, टेड म्हणून ओळख सांगतोय आणि तरुण मुलींना विचारतोय, माझी शिडाची बोट गाडीवर चढवायला जरा मदत कराल का? भर दुपारी, हजारो माणसांत. एक बाई त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेलीसुद्धा. तिथं बोट नव्हती. बोट कुठंय, तिने विचारलं. वर, आईवडिलांच्या घरी, तो म्हणाला, गाडीत बसा. मला थांबायला वेळ नाही, असं सांगून ती परत फिरली. तो अगदी नम्रपणे माफी मागून निघून गेला. त्या दुपारी त्याच काठावरून दोन तरुणी नाहीशा झाल्या.

या बाईने बंडीचं मन ओळखलं होतं का? नाही. तो तिला चांगलाच वाटला होता. ती बोट नसण्यापाशी थांबली, एवढंच. आधी मदत गाडीपाशी हवी होती, आता दुसरीकडे हवी होती. मागणी मधल्या मध्ये वाढली होती.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला युटा राज्यात त्याने पोलीस असल्याचं सोंग घेतलं. बाजारसंकुलात अठरा वर्षांच्या एका मुलीला गाठून सांगितलं, तुमची गाडी कुणीतरी फोडायचा प्रयत्न केलाय. गाडी पाहिली तर काही गेलेलं नव्हतं. तरी तक्रार नोंदवायला चला. पोलिसाची म्हणून जी गाडी दाखवली ती फोक्सवॅगन. तोंडाला दारूचा वास. तिने ओळखपत्र मागितलं, त्याने पाकिटातला बिल्ला क्षणभर चमकवला. प्रत्येक शंकेला तिथल्या तिथं एक उत्तर तयार होतं, आणि पोलिसाला किती वेळा खोटं ठरवायचं? गाडी चौकीच्या उलट दिशेला लागली, त्याने बेडी घालायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र ती जिवाच्या आकांताने लढली आणि गाडीतून निसटली. पुढे तिच्याच साक्षीवर १९७६ साली बंडीला अपहरणाची शिक्षा झाली. ‘तेव्हाच का नाही कळलं तिला’ असं म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की गणवेश नसलेल्या का होईना, पण पोलिसाला तुम्ही किती प्रश्न विचारले असते?

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. १९७१ साली सिअ‍ॅटलमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी चालणाऱ्या दूरध्वनी सेवेत हाच बंडी रात्रपाळीला बसायचा. त्याच्या शेजारी बसायची अ‍ॅन रूल, तिथल्याच पोलीस दलात काम केलेली, पुढे गुन्हेगारीवरचं लेखन करून नावारूपाला आलेली बाई. रात्री उशिरा ती घरी निघाली की तो तिला गाडीपर्यंत सोडायचा, दारं आतून लावून घे म्हणून बजावायचा. तिच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही. माजी पोलीस, शेजारची खुर्ची, कित्येक रात्री. कारण तिथं त्याला तिच्याकडून काही नको होतं. जुळत नाही असं काहीच घडत नव्हतं. माणूस तोच होता.

म्हणून चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याच्या गप्पांवर माझा विश्वास नाही. प्रिन्स्टनच्या जेनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं की अनोळखी चेहरा विश्वासार्ह आहे की नाही हे आपण सेकंदाच्या दहाव्या भागात ठरवून टाकतो. वेळ वाढवून दिला तर मत फारसं बदलत नाही, खात्री तेवढी वाढते. पण ते मत खरं असतं असा याचा अर्थ मुळीच नाही. देखणा, सुशिक्षित बंडी या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाला असता. आणि नापास कोण होतात? गरीब दिसणारे, काळे, परक्या धर्माचे, वेडसर वाटणारे, आपली भाषा धड न येणारे. तिथं पोटातून येतो तो आवाज आतला नसतोच, तो घरातून, शेजारातून, बातम्यांतून आत जाऊन बसलेला असतो. दोन्ही आवाज पोटातूनच येतात, हा खरा घोळ.

४ फेब्रुवारी १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये अमादू दियालो हा गिनीहून आलेला तेवीस वर्षांचा तरुण स्वतःच्या घराच्या दारात उभा होता. साध्या वेशातल्या चार पोलिसांना तो संशयित वाटला. त्याने खिशातून काहीतरी काळं बाहेर काढलं. ४१ गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातल्या १९ त्याला लागल्या. हातात पाकीट होतं. त्या पोलिसांच्या अंगावरही त्या क्षणी काटा आला असेल, त्यांचेही तळहात घामेजले असतील. म्हणून मी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली आहे: पाल चुकचुकली तर मी उठून जाईन, जिना धरीन, खोटं बोलेन, दार उघडणार नाही. समोरच्याला हलवायचा, हटकायचा, त्याच्यावर आळ घ्यायचा परवाना मात्र तिच्याकडून मला मिळालेला नाही.

एवढं पाळलं तर चुकण्याची भीती बरीच कमी होते. रँडॉल्फ नेसी या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने धूर ओळखणाऱ्या यंत्राचा दाखला दिला आहे. ते यंत्र नुसत्या वाफेवरही बोंबलतं आणि आपण वैतागतो, पण खऱ्या आगीला गप्प बसणारं यंत्र कुणी घरात लावणार नाही. खोट्या गजराची किंमत थोडी, हुकलेल्या गजराची फार. मी डबा बदलला त्याची किंमत काय? फार तर एका भल्या माणसाला मी उद्धट वाटले असेन. चालतंय.

चालत नाही ते दुसऱ्यांना. भीड भिकेची बहीण, हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण पैसे मागायला आलेल्या नातेवाइकापुरतं. ‘नको’ म्हटल्यावरही जो थांबत नाही त्याच्यापुढे आपण भिडेखातर गप्प बसतो, वर कारणं देत बसतो. कारण दिलं की वाटाघाट सुरू. मला उशीर होतोय म्हणावं तर तो म्हणणार, मी सोडतो. माझं पोट बरं नाही म्हणावं तर तो म्हणणार, औषध आणतो. नुसतं ‘नको’ म्हणून तोंड फिरवणं जमायला मला वय वाढावं लागलं. बॅगेच्या बंदावरचा तो हात मला अजून आठवतो आणि त्याच्या हसण्यापेक्षा, शुद्ध भाषेपेक्षा, नसलेल्या सामानापेक्षाही तोच खरा पुरावा वाटतो. दोनदा नको म्हटलेलं त्याला ऐकू आलं होतं.

आणि ही कसोटी परक्यांपुरती ठेवायचं काही कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींचा खून झाला. त्यातल्या सुमारे ५१,१०० जणी, म्हणजे साठ टक्के, जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसाच्या हातून गेल्या. लहानपणापासून आपल्याला अनोळखी माणसांपासून सावध राहायला शिकवतात, ते बरोबरच आहे, पण ‘काका आहेत तुझे, जवळ जा’ हेही त्याच तोंडाने शिकवतात. मूल मागे सरकतं, आई त्याला पुढे ढकलते, सगळे हसतात. मुलाचं अंग जे सांगतंय ते खोटं आहे, हे त्याला आपण इतक्या प्रेमाने शिकवतो की पुढे तिसाव्या वर्षी ते रिकाम्या डब्यात ओशाळून हसतं.

आमच्या घरात यावरून एकदा चांगलीच जुंपली. नवरा माझा सहा फुटी, दाढीवाला, आवाज घोगरा. रात्री उशिरा कामावरून आला, लिफ्टपाशी एक अनोळखी मुलगी उभी होती. दार उघडलं, हा आत शिरला, ती जागची हलली नाही. ‘तुम्ही जा,’ म्हणाली आणि फोनमध्ये डोकं घातलं. घरी येऊन याची आदळआपट. ‘मी काय गुंड दिसतो का? इतकी वर्षं राहतोय इथं.’ मी म्हटलं, ती तुला ओळखत नाही, तिने काय करायला हवं होतं? तर म्हणे, निदान माझ्याकडे नीट बघायचं तरी. नीट बघितलं असतं तर ती जिन्यानेच पळाली असती, असं मी बोलून गेले, मग दोन दिवस अबोला.

दाढीकडे बघूनच ती थांबली असेल, तर तिचाही आवाज उसनाच म्हणायचा, हे त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. अर्ध्या मिनिटाची तर गोष्ट होती, हे माझं म्हणणं त्याला खोडता आलं नाही. हल्ली मात्र उशिरा परतताना कुणी बाई एकटी लिफ्टपाशी दिसली की तो सरळ जिन्याकडे वळतो. तिच्यासाठी नाही म्हणतो, गुडघ्यांना व्यायाम म्हणून. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.